विश्लेषण : देशातील पहिल्या महिला न्यायाधीश अ‍ॅना चंडी कोण होत्या? २०१८ च्या निकालात त्यांचा उल्लेख का झाला?

व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवले. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा हा निकाल एकमताने होता. त्यात १९७१ मधल्या एका असहमतीच्या टिपणाचा दाखला आहे. हे टिपण होते न्या. अ‍ॅना चंडी यांचे. निकाल लागला तेव्हा त्यांचे निधन होऊन २२ वर्षे झाली होती.

कोण होत्या अ‍ॅना चंडी?

१९०५ मध्ये त्रावणकोर संस्थानात, सीरियन ख्रिश्चन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजच्या केरळच्या भागात कायद्याची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९२९ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली. पुढे ‘श्रीमती’ हे मल्याळम नियतकालिक काढले आणि स्वतः संपादनही केले.

त्याच सुमारास महिलांना सरकारी नोकऱ्यांत आरक्षण द्यावे का, यावर त्रिवेंद्रममध्ये जोरदार वाद सुरू होता. टी. के. वेलू पिल्लै हे विद्वान अधिकारी विरोधकांच्या बाजूने बोलले. बायका कमवू लागल्या की संसाराकडे दुर्लक्ष होईल, असा एकूण सूर. चंडी यांनी त्याच सभेत, कोर्टात बाजू मांडावी तसा एकेक मुद्दा खोडून काढला. घरात आणखी एक पगार आला तर कुटुंबाचे नुकसान कसे, हा त्यांचा सवाल होता.

महिलांना फाशीतून सूट देणाऱ्या त्रावणकोरच्या तरतुदीलाही त्यांचा विरोध होता. हक्क समान हवेत तर शिक्षाही समान हवी, ही भूमिका आजही अनेकांना पचणार नाही. संततिनियमनाची माहिती महिलांना मिळावी, हेही त्यांनी त्या काळात उघडपणे मांडले.

निवडणुकीत काय झाले?

१९३१ मध्ये त्या श्रीमूलम प्रजासभेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. विरोधकांनी त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि त्या हरल्या. चंडी गप्प बसल्या नाहीत. ‘श्रीमती’च्या संपादकीयातून त्यांनी या प्रचाराचा समाचार घेतला. पुढच्याच वर्षी त्या निवडून आल्या.

१९३७ मध्ये दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या काळात त्यांची मुन्सिफ म्हणून नेमणूक झाली. देशातील पहिल्या महिला न्यायाधीश हा मान त्यांना मिळाला तो इथे. १९४८ मध्ये त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. इंग्लंडमध्ये उच्च न्यायालयावर पहिली महिला आली १९६५ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाला त्यासाठी १९७८ पर्यंत थांबावे लागले. त्या पहिल्या न्यायमूर्ती म्हणजे सुजाता मनोहर.

कलम ४९७ ला विरोध कशासाठी?

१९६७ मध्ये निवृत्त झाल्यानंतर चंडी विधि आयोगावर गेल्या. दंड संहितेत काय बदल हवेत, यावरचा आयोगाचा ४२ वा अहवाल १९७१ चा.

कलम ४९७ मुळात १८६० चे. विवाहित महिलेशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. तक्रार करायचा हक्क तिच्या नवऱ्याचा. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच घडत नसे. उलट नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर पत्नीला या कलमाखाली तक्रार करता येत नव्हती. थोडक्यात, पत्नी म्हणजे नवऱ्याची मालमत्ता आणि परपुरुष म्हणजे त्यात घुसखोरी करणारा.

आयोगातील बहुमताचे म्हणणे होते, कलम ठेवा, महिलेलाही शिक्षा करा आणि कैद दोन वर्षांवर आणा. वरवर पाहता ही समानताच. फाशीच्या बाबतीत समान शिक्षा मागणाऱ्या चंडी इथे होकार देतील, असे कुणालाही वाटले असते. पण त्यांनी असहमती नोंदवली. विवाहातील महिलेच्या स्थानाबद्दलच्या आजच्या कल्पनांशी हा गुन्हा जुळतो का, हा त्यांचा प्रश्न होता आणि कलमच काढून टाकावे, असे त्यांचे मत होते. पायाच मालकीचा असेल, तर शिक्षा दोघांत वाटून काय साधणार?

मग इतकी वर्षे का लागली?

न्यायालयेही लगेच बदलली नाहीत. तेव्हाच्या मुंबई राज्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हे कलम वैध ठरवले होते. चंडी यांच्या टिपणानंतरही, १९८५ मध्ये, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या निकालाने ते पुन्हा टिकले. २०१८ च्या घटनापीठात त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते. वडिलांचा निकाल रद्द ठरवणाऱ्यांत तेही एक.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत व्यभिचाराचे कलम नाही.