अजिंठ्याचा चित्रकार, लोणारचा छायाचित्रकार

बुलढाणा शहराच्या पश्चिमेला, त्याच डोंगररांगेवर अजिंठा गाव आहे. मेजर रॉबर्ट गिल यांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले. कविवर्य ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने गिल आणि पारो यांची प्रेमकहाणी मराठी घराघरांत पोहोचवली. मात्र या कहाणीच्या छायेत गिल यांच्या कामाची दुसरी बाजू झाकोळली गेली. चित्रकार म्हणून आलेला हा अधिकारी या मुलखाचा एक आद्य छायाचित्रकारही होता.

१८०४ साली लंडनमध्ये जन्मलेले गिल ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलेल्या अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याची कामगिरी १८४४ मध्ये त्यांच्यावर सोपविण्यात आली. गावातील बारादरीत त्यांनी मुक्काम ठोकला. अंधाऱ्या गुंफा, वटवाघळे, ताप आणि जंगलातील वाघ यांच्या सोबतीने भव्य तैलचित्रे तयार होऊ लागली. वाघांचे शिकारी म्हणूनही त्यांचा लौकिक होता. १८५६ मध्ये पारोचे निधन झाले. तिची समाधी अजिंठा गावात आजही आहे.

त्याच सुमारास त्यांच्या हाती कॅमेरा आला. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे मोठीच यातायात! काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच चित्र टिपायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचे. हा सारा संसार बैलगाडीच्या वाटांनी न्यायचा. गिल दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने जोडचित्रे घेत. खास यंत्रातून पाहिली की ती उठावदार दिसत. लेण्यांपुरते न थांबता त्यांनी लोणारची मंदिरेही टिपली. उल्कापाताने बनलेले तेथील विवर त्या काळी ज्वालामुखीचे मुख समजले जाई. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, तर अजिंठा निजामाच्या राज्यात. गिल यांच्या कॅमेऱ्याला मात्र ही सीमा जाणवली नाही.

१८६४ मध्ये वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह गिल यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकात ७४, तर दुसऱ्यात १०० छायाचित्रे होती.

खरा आघात त्यानंतरचा. लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली त्यांची तैलचित्रे ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत भस्मसात झाली. सुमारे वीस वर्षांची मेहनत गेली. तेथे प्रदर्शित न केलेली मोजकीच चित्रे वाचली, ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भित्तिचित्रेही पुढील काळात झडत गेली. त्यामुळे ही हानी केवळ एका चित्रकाराची नव्हती. कृष्णधवल छायाचित्रांतून अजिंठ्याचे रंग परत मिळणे शक्यच नव्हते, हे गिल यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही साठी ओलांडलेल्या या माणसाने पुन्हा कुंचला हाती घेतला आणि कॅमेराही खाली ठेवला नाही.

१८७९ मध्ये आजारी अवस्थेत अजिंठा सोडून भुसावळकडे जात असताना त्यांचे निधन झाले. भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे.