चित्रकार कै. ना. श्री. बेंद्रे

ओंकारेश्वराच्या घाटाचे चित्र आम्हां पुणेकरांस चटकन कळते. परंतु नुसत्या रंगांचा व आकारांचा पट पाहून आमच्यासारखा जुना मॅट्रिक मास्तर गोंधळतो. हे दोन्ही मार्ग चोखाळणाऱ्या कै. नारायण श्रीधर बेंद्रे यांचे चरित्र वाचल्यावर हा गोंधळ पुष्कळसा निवळला.

बेंद्रे यांचा जन्म इंदुरास एका महाराष्ट्रीय कुटुंबात १९१० साली झाला. गुरुवर्य देवळालीकर यांच्या हाताखाली त्यांनी चित्रकलेचे धडे गिरविले. मकबूल फिदा हुसेन यांना चित्रकार होऊ द्यावे, हे त्यांच्या वडिलांना पटवून देणारे ते बेंद्रेच. १९३४ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले. पुढे काही वर्षे काश्मिरात नोकरी करून त्यांनी तेथील निसर्ग रंगविला.

उघड्यावर चित्र काढणे म्हणजे उन्हाशी शर्यत! घटकाभरात सावल्या सरकतात. सारेच टिपू म्हणणाऱ्याचे चित्र पुरे होत नाही. काय गाळावे, हे चित्रकारास तेथल्या तेथे ठरवावे लागते. हे गाळणे आणखी पुढे नेले की झाडाचे झाडपण उरते, पाने उरत नाहीत. अमूर्ताचे बीज येथेच असावे, असे माझ्या अल्पमतीस वाटते.

१९५० साली बेंद्रे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकलेचे अध्यापक झाले. निसर्गचित्रकार म्हणून नाव झालेले, वय चाळीस. अशा वेळी हात बसलेली वाट कोण सोडतो? बेंद्र्यांनी ती सोडली. घनवादाचा अभ्यास केला, अमूर्त चित्रे रंगविली. १९५५ साली ‘काटा’ या चित्रास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ते विद्यार्थ्यांसमोर स्वतः रंगवून दाखवीत; मात्र आपलीच शैली त्यांच्यावर लादीत नसत. मास्तरकीत जन्म गेलेल्या मला याचे मोल पदकाहून अधिक वाटते.

त्यांची एक अशी शैली नाही, हा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. तो मला पटत नाही. शिकविणाऱ्याने स्वतः शिकणे थांबवू नये, एवढेच त्यांनी केले. १९६६ साली बडोदे सोडून ते मुंबईस आले आणि पुन्हा झाडांकडे व खेड्यातील स्त्रियांकडे वळले. या खेपेस मात्र रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून! जवळून पाहावे तर नुसते ठिपके, चार पावले मागे सरावे तर ऊन.

१९६९ साली पद्मश्री व १९९२ साली पद्मभूषण हे बहुमान त्यांना लाभले. त्याच वर्षी ते निवर्तले.