न्यायमूर्ती रानडे आणि न फिटणारे गहाणखत

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव निघाले की प्रार्थना समाज, सामाजिक परिषद, विधवाविवाहाची चळवळ आणि राष्ट्रसभेचे आरंभीचे दिवस यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या सरकारी सेवेतील कितीतरी वर्षे अगदी रूक्ष वाटणाऱ्या एका कामात गेली, त्याचा उल्लेख जयंती-पुण्यतिथीच्या व्याख्यानांतून क्वचितच होतो. ते काम म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांनी लिहून दिलेली कर्जखते व गहाणखते तपासण्याचे. देवघेव हाच ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, अशा आपल्या समाजाला या कामाची ओळख असणे अगत्याचे आहे. त्या खतांवर धनको म्हणून ज्यांची नावे होती त्यांत मारवाडी व गुजर व्यापारी पुष्कळ होते. त्यांत जैनही होते आणि वैष्णवही होते.

महादेवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील पुढे कोल्हापूर संस्थानच्या सेवेत असल्याने बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली, तेव्हा उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एल्‌एल. बी. अशा पदव्या त्यांनी संपादन केल्या. अहोरात्र वाचनामुळे डोळे कायमचे अधू झाले. १८७१ साली ते पुण्यास न्यायाधीश म्हणून आले आणि आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे ते विचारदाते बनले.

सभेने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांत दख्खनच्या रयतेच्या स्थितीची चौकशी हे एक होते. त्या काळची परिस्थिती समजून घेतल्याशिवाय रानड्यांचे पुढील कार्य ध्यानात येत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस विलायतेला मिळेनासा झाला, त्यामुळे येथील कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला आणि सावकारानेही हात सैल सोडला. जमिनीला किंमत आलेली, पिकाला भाव आलेला, मग कर्ज देताना विचार कोण करतो? युद्ध संपले, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर व आसपासच्या तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा पुष्कळ वाढला. पीक विकून पैसा हाती येण्यापूर्वीच साऱ्याचा हप्ता येऊन ठेपे. तो भरण्यासाठी पुन्हा सावकाराची पायरी चढणे आले.

यात आणखी एक पेच कायद्याने निर्माण केला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू रयतेच्या हिताचा होता, जुनी खते उकरून काढता येऊ नयेत असा. प्रत्यक्षात उलटेच घडले. मुदत संपत आली की सावकार फिर्याद लावण्याचा धाक घाली, आणि कुणबी जुने मुद्दल व साचलेले व्याज मिळून नवे खत लिहून देई. ज्यांना व्यापारी हिशेब कळतो त्यांनी साधे गणित मांडून पाहावे. दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने शंभर रुपये घेतले आणि एक पैही परत केली नाही, तर तीन वर्षांनी नवे खत एकशे बाहत्तर रुपयांचे होते. सहा वर्षांनी ते दोनशे पंचाण्णवांच्या वर जाते आणि नऊ वर्षांनी पाचशे आठ रुपयांच्याही पलीकडे. घरात आले ते शंभरच. तिसऱ्या खतापाशी सावकार बहुधा जमीन लिहून मागे, कारण नुसत्या शब्दावर तेवढी रक्कम ठेवण्यात त्यालाही धोका दिसे. प्रथम नजरगहाण, मग ताबेगहाण, आणि अखेर खरेदीखत. स्वतःच्याच शेतात खंडाने राबण्याची पाळी कुणब्यावर येई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांची माणसे जमली आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना हवी होती ती खते आणि वह्या. कागद मिळाले की ते जाळण्यात येत. जेथे सावकाराने निमूटपणे दप्तर हवाली केले तेथे बहुधा पुढे काही झाले नाही. पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. या घटनेचे वर्णन करताना दोन टोकांची भाषा वापरली जाते. एक सावकाराला राक्षस ठरविणारी, दुसरी कुणब्याला दंगेखोर ठरविणारी. सरकारने नेमलेल्या आयोगाला मात्र नगर जिल्ह्यातील ज्या गावांची पाहणी केली तेथे असे आढळले, की सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात होते, त्यांचे कर्ज सरासरीने वार्षिक साऱ्याच्या अठरा पट होते, आणि त्यातील जवळजवळ दोनतृतीयांश कर्ज जमिनीच्या गहाणावर होते. साऱ्याच्या अठरा पट कर्ज कोरडवाहू शेतीतून फिटणे अशक्यच होते. हे देणाऱ्याला ठाऊक होते. घेणारा ते जाणूनही बोलत नव्हता.

पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. या कायद्याने न्यायाधीशाच्या हाती एक विलक्षण अधिकार आला. तोपर्यंत खतावर अंगठा असला की दावा सिद्ध होत असे. प्रतिवादी बहुधा हजरच नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. आता न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन व्यवहार प्रथमपासून तपासावयाचा होता. मुळात किती रक्कम दिली, व्याज किती धरले, मध्ये धान्य वा जनावर जमा झाले असल्यास त्याची नोंद कोठे आहे, हे दोन्ही पक्षांना समोर बसवून विचारावयाचे होते. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. देणे हप्त्यांनी फेडण्याची सवलत आली. दावा लावण्यापूर्वी सलोखा घडवून आणण्यासाठी पंच नेमण्यात आले, गावोगाव दस्तनोंदणीची सोय झाली आणि मिळालेल्या रकमेची पावती देणे सावकारावर बंधनकारक झाले.

१८८१ साली रानडे या कायद्याखाली विशेष न्यायाधीशांचे साहाय्यक झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतः विशेष न्यायाधीश. कनिष्ठ न्यायालयांनी केलेले निवाडे तपासणे, चुकले असतील ते दुरुस्त करणे, पंचांच्या कामावर देखरेख ठेवणे असे ते काम होते. यासाठी वर्षातील कित्येक महिने जिल्ह्यांतून फिरावे लागे. रमाबाई या दौऱ्यांत त्यांच्यासमवेत असत; १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी या दिवसांचे चित्र रेखाटले आहे.

रानडे सावकारांचे शत्रू नव्हते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. गावातला सावकार हाच बहुधा धान्याचा, किराण्याचा आणि कापडाचा दुकानदारही असे. पेरणीचे बी, लग्नाचे लुगडे आणि साऱ्याचा हप्ता, तिन्ही त्याच्याच दुकानातून येत. तो उठून गेला तर त्याची जागा घेणारे कोणी नाही, हे रानडे ओळखून होते. १८७९ साली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी शेतीच्या प्रश्नावर विस्तृत लेख लिहिला. दुखण्याचे मूळ केवळ सावकाराच्या लोभात नसून सरकारच्या न लवणाऱ्या महसूलपद्धतीतही आहे, हे त्यांनी सरकारी नोकरीत असताना निर्भयपणे मांडले. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, रानड्यांवर सरकारची संशयाची दृष्टी पडली आणि त्यांना धुळ्यास जावे लागले, हे आठवले म्हणजे त्या निर्भयतेची किंमत कळते.

त्यांचा खरा आग्रह वेगळाच होता. बुडालेल्या ऋणकोला आणखी एक कर्ज देणे म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हे. सर विल्यम वेडरबर्न हे पुण्यास न्यायाधीश असताना १८८२ च्या सुमारास पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची एक योजना पुढे आली. रानडे तिचे मोठे पुरस्कर्ते होते. पेढीने एकदम कर्जवाटप सुरू करावयाचे नव्हते. प्रथम जुने कर्ज तपासून, दोन्ही पक्षांच्या तडजोडीने ते कुणब्याला झेपेल इतक्या रकमेवर आणावयाचे, ती रक्कम सरकारने सावकाराला चुकती करावयाची, आणि मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याला पेढीने पुढे माफक व्याजाने कर्ज द्यावयाचे, असा तिचा क्रम होता. आजही जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तेव्हा या क्रमातील शहाणपण नजरेत भरते. पुण्यातील पैसेवाले भांडवल घालण्यास पुढे आले होते, हिंदुस्थान सरकारही अनुकूल होते. लंडनहून भारतमंत्र्यांचा नकार आला आणि योजना कागदावरच राहिली. त्याच सुमारास १८८३ व १८८४ साली तगाईचे दोन कायदे झाले. पण सरकारी तगाई ही दुष्काळातील ओंजळभर पाण्यासारखी.

रानड्यांनी विषय सोडला नाही. १८९० साली पुण्यास औद्योगिक परिषद सुरू झाली. पुढच्या वर्षी त्यांनी तेथे जमिनीच्या तारणावरील कर्जाच्या पुनर्रचनेविषयी निबंध वाचला. युरोपातील निरनिराळ्या देशांत जमीन तारण घेऊन दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज देणाऱ्या संस्था कशा उभ्या राहिल्या, याचा त्यात परामर्श आहे. अशा कर्जात दरसालच्या हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलाचाही थोडा अंश फिटत जातो. तीन वर्षांत सारे मुद्दल परत मागणारे कर्ज व्यापाऱ्याला चालते, कारण त्याचा माल वर्षातून अनेकदा फिरतो. शेतकऱ्याचे पीक वर्षातून एकदा, तेही पावसाच्या मर्जीने. व्यापाराचे माप शेतीला लावले, हीच सावकारीची मुख्य चूक होय.

याच विचाराची दुसरी बाजू कठोर आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्याच्या जमिनीतून देणे फिटणे कोणत्याही उपायाने शक्य नाही, त्याची जमीन कायद्याच्या जोरावर त्याच्याकडेच बांधून ठेवावी, असे रानड्यांचे मत नव्हते. भांडवल व काटकसर ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याकडे काही जमीन जाणे अपरिहार्य आहे, लहान शेतकऱ्यांबरोबर मोठे शेतकरीही देशाला हवेत, असे ते म्हणत. त्याच पुण्यात महात्मा जोतीराव फुले १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहीत होते, आणि त्यांना हा प्रश्न शेताच्या बांधावरून अगदी निराळा दिसत होता. जमीन गेलेल्या कुटुंबाचे पुढे काय व्हावे, या प्रश्नाला रानड्यांच्या लेखनात फुल्यांइतके कळवळ्याचे उत्तर मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही, फिटणार नाही हे दिसत असता फिटेल अशी आशा लावून शेवटचा बैलही गहाण घ्यावा, त्यापेक्षा वेळीच स्पष्ट सांगावे, हे त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. तसे सांगणारा सावकार पुढचे व्याज गमावतो. अडचण आहे ती तिथेच.

कायद्याचे परिणाम संमिश्र झाले. एकतर्फी हुकूमनामे कमी झाले. दुसरीकडे काही सावकारांनी हात आखडता घेतला, तर काहींनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ती काढली, म्हणजे हिशेब तपासण्याचा प्रश्नच उरू नये.

न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि चार जिल्ह्यांतील गावोगावची ती भटकंती संपली. १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९०४ साली, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९११ साली कापडगिरण्यांचे मालक सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी मुंबईत या पतसंस्थांना भांडवल पुरविणारी मध्यवर्ती सहकारी बँक काढली. जमिनीच्या तारणावर दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी मुंबई प्रांताची सहकारी भूतारण बँक उभी राहावयास मात्र १९३५ साल उजाडले. औद्योगिक परिषदेतील त्या निबंधाला तोवर चव्वेचाळीस वर्षे लोटली होती.