ताझिओ नुव्होलारी : वळणांचा स्वामी

सरळ रस्त्यावर मोटार भरधाव पळविणे हे यंत्राचे सामर्थ्य. परंतु त्याच वेगाने वळण पार करणे ही माणसाची कसोटी होय. शर्यतीच्या मोटारी बहुधा वेगवान वळणांवरच चालकाच्या हातून निसटतात. त्या निसटण्याच्या अगदी काठावर ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या ताझिओ नुव्होलारी या इटालियन शर्यतपटूची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

नुव्होलारीचा जन्म १६ नोव्हेंबर १८९२ रोजी उत्तर इटलीतील मांतुआ नगराजवळ कास्तेल दारिओ या गावी झाला. देहयष्टी ठेंगणी व सडपातळ. परंतु अंगी विलक्षण चिकाटी. प्रथम त्याने मोटारसायकलींच्या शर्यतींत नाव मिळविले. १९२५ साली मोंझा येथे अल्फा रोमिओ मोटारीची चाचणी देत असता ती मार्ग सोडून गेली व तो जबर जखमी झाला. तथापि थोड्याच दिवसांत, पट्ट्यांनी जखडलेल्या देहाने, त्याने त्याच मोंझाला मोटारसायकलची मोठी शर्यत जिंकली.

मोटार वळणावर का निसटते, हे जाणल्यावाचून त्याचे मोठेपण कळावयाचे नाही. धावत्या वस्तूचा धर्म सरळ जाण्याचा. तिला वळविणारे बल मोटारीस मिळते ते केवळ टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून. वेग दुप्पट झाला की हे बल चौपट लागते. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ७२ किलोमीटर वेगास मोटारीच्या वजनाच्या सुमारे दोन पंचमांश बल पुरते; ताशी १४४ किलोमीटरला वजनाच्या दीडपटीहूनही अधिक लागते. साध्या टायरांची पकड मात्र कोरड्या रस्त्यावरही साधारणतः वजनाएवढ्या बलापलीकडे जात नाही. पुढची चाके आधी घसरली, तर मोटार वळावयाचे सोडून सरळ बाहेर जाते. मागची आधी घसरली, तर ती भोवऱ्यासारखी गरकन फिरते. अशा वेळी घाबरलेला चालक अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलतो. त्यासरशी मोटारीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात आणि राहिलेली पकडही सुटते. सावधपणाची वाटणारी कृतीच घातास कारण होते, ती अशी.

नुव्होलारीने या घसरण्याशी वैर न धरता मैत्री केली. एन्झो फेरारी एकदा सरावाच्या वेळी त्याच्या शेजारी बसला होता. नुव्होलारी वळण येण्यापूर्वीच मोटारीचे तोंड आतील कडेकडे वळवी, चारही चाके एकदम घसरू देई आणि पाय न उचलता, मागच्या चाकांच्या ओढीने तिला बरोबर पुढच्या सरळ मार्गावर आणून सोडी. प्रत्येक वळणावर फेरारीला आता खड्ड्यात जाणार असे वाटे. परंतु मोटार सुखरूप बाहेर पडे. चारही चाकांच्या या संयत घसरणीचा आद्य पुरस्कर्ता म्हणून नुव्होलारीचे नाव घेतले जाते.

१९३२ साली कवी दान्नुन्झिओने त्याला सोन्याचे कासव भेट दिले. सर्वांत वेगवान माणसाला सर्वांत मंद प्राणी, अशी ती गमतीची भेट त्याने पुढे आपली खूणच केली. १९३३ साली त्याने रेमों सोमेर याच्या जोडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. परंतु त्याच्या कीर्तीचा कळस म्हणजे २८ जुलै १९३५ची जर्मन ग्रां प्री. न्युर्बुर्गरिंगच्या डोंगराळ, नागमोडी मार्गावर बलाढ्य जर्मन मोटारींपुढे त्याची अल्फा रोमिओ जुनी आणि शक्तीने उणी होती. पेट्रोल भरताना पंप बिघडून त्याची दोन मिनिटांहून अधिक वेळ खोटी झाली. तरी वळणावळणाला तो अंतर तोडीत गेला. शेवटच्या फेरीत आघाडीवर असलेल्या फॉन ब्राउखिचचा झिजलेला टायर फुटला आणि नुव्होलारी विजयी झाला. ज्या पकडीवर सारा खेळ, ती जपून खर्चणे हाही कौशल्याचाच भाग, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१९३८ साली तो ऑटो युनियनच्या चमूत गेला. त्या मोटारीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असे. त्यामुळे वळणावर तिची जड शेपटी बाहेर झेपावे. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने हे अवखळ यंत्र आत्मसात केले आणि त्याच वर्षी मोंझा व डोनिंग्टन येथील शर्यती जिंकल्या.

रस्ता ज्याच्या अधीन होता, त्याला दैव मात्र अधीन नव्हते. १९३७ साली तो शर्यतीसाठी अमेरिकेच्या जहाजप्रवासात असता थोरला मुलगा जॉर्जिओ निवर्तला. १९४६ साली धाकटा अल्बेर्तोही गेला. दोघांनीही विशी गाठली नव्हती. दुःखाने व श्वसनाच्या विकाराने खचलेला हा पिता तरीही १९४७ साली हजार मैलांच्या मिल्ले मिल्या शर्यतीत, लहानशा चिसितालिया मोटारीतून, दुसरा आला. ११ ऑगस्ट १९५३ रोजी मांतुआ येथे आपल्या घरी त्याचा अंत झाला. वळणांनी ज्याला अनेकदा जखमी केले, त्याचा प्राण मात्र त्यांना घेता आला नाही.

त्याचे धाडस सार्वजनिक रस्त्यावर कोणी गिरवू नये, हे सांगणे नलगे. परंतु संकटाचा नियम आधी समजून घेणे आणि प्रत्यक्ष संकटात हातपाय गाळून न बसणे, हा त्याच्या चरित्राचा गुण आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनी अवश्य उचलावा.