पाच शिलिंग आणि फाशी

दुकानातून पाच शिलिंगांचा माल गुपचूप उचलला तर शिक्षा काय? फाशी. एका शिलिंगापेक्षा जास्त किमतीची पाकीटमारी केली, तरी फाशीच! दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये मृत्युदंड होईल असे 200च्या वर गुन्हे कायद्यात होते. सॅम्युअल रोमिली नावाचा वकील या कायद्यांच्या मागे हात धुऊन लागला.

जन्म 1757चा, लंडनचा. घराणं फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेलं, वडील जवाहिरे. वकिलीत त्याने जोरदार नाव कमावलं, 1806 मध्ये तो सॉलिसिटर जनरल झाला आणि खासदारही.

त्याचा मुद्दा नुसता दयेचा नव्हता, हे मला भारी वाटतं. तेव्हाच्या ज्युरीला पोराला लटकवायचं नसायचं, म्हणून ती चोरलेल्या मालाची किंमत मुद्दाम पाच शिलिंगांच्या खाली धरायची. ज्याचं चोरीला गेलं तोही तक्रार करायला कचरायचा. म्हणजे कायदा जितका भयंकर, तितके चोर जास्त सुटायचे! शिक्षा कमी असू दे, पण ती नक्की मिळू दे, असं रोमिलीचं म्हणणं.

1808 मध्ये पाकीटमारीची फाशी त्याने रद्द करून घेतली. मग खटले वाढले. विरोधक म्हणाले, बघा, चोऱ्या वाढल्या. रोमिलीचं उत्तर सरळ होतं: आता लोक तक्रार करायला पुढे येतायत. गंमत म्हणजे कापड धुऊन वाळवणाऱ्या कारखानदारांनीच अर्ज केला, की आमच्या मालाच्या चोरीची फाशी काढा, कारण कुणाला शिक्षाच होत नाही. ती 1811 मध्ये गेली.

पाच शिलिंगांचं बिल मात्र अडलं. कॉमन्स सभागृह ते पास करायचं, लॉर्ड्स फेटाळायचं. पुन्हा मांडायचं, पुन्हा तेच. उमरावांच्या सभागृहात बिशपसुद्धा विरोधात होते, बोला!

29 ऑक्टोबर 1818 रोजी त्याची पत्नी ॲन गेली. तो धक्का त्याला सोसला नाही. चारच दिवसांनी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

बिल पुढे नेलं जेम्स मॅकिंटॉशने. हा माणूस आधी मुंबईत न्यायाधीश होता. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर आपण बसतो ना, तिथल्या एशियाटिक सोसायटीची सुरुवात 1804 मध्ये त्यानेच केली. लॉर्ड्सनी काटछाट केलीच, तरी 1820 मध्ये पाच शिलिंगांची फाशी एकदाची गेली.