बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे : पुस्तक एकच लिहिलं, पण धर्माच्या नावाखाली चाललेल्या अन्यायाचा हिशोब मागितला

बुलढाणा आपल्या जळगाव जिल्ह्यापासून लांब नाही. मुक्ताईनगरहून मलकापूर, मग मोताळा, पुढे राजूरचा घाट चढला की आलंच. आपल्याकडच्या कितीतरी लेकी तिकडे दिल्यात, तिकडच्या सुना इकडे आल्यात. पण याच गावच्या एका बाईने 1882 साली असं पुस्तक लिहिलं की आज परदेशातले प्राध्यापकही ते अभ्यासतात, हे आपल्या भागात फार थोड्यांना माहीत आहे. बाईचं नाव ताराबाई शिंदे. पुस्तकाचं नाव 'स्त्री-पुरुष तुलना'.

जन्म 1850 च्या सुमाराचा. तेव्हा आपला खानदेश मुंबई इलाख्यात होता आणि बुलढाणा वऱ्हाडात. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. मराठा घर, गावाबाहेर थोडी शेती. बापूजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे होते. मुलींची शाळा तिथे नव्हतीच, म्हणून त्यांनी ताराबाईंना घरीच लिहायला-वाचायला शिकवलं. मराठी पक्कं झालं, संस्कृत आणि इंग्रजीचीही ओळख झाली. त्या काळात मुलीच्या हातात पाटी देणारा बाप म्हणजे गावाच्या चर्चेचाच विषय असणार.

लग्न लहानपणीच झालं. पण जावई घरजावई म्हणून आला, त्यामुळे ताराबाई माहेरीच राहिल्या. मला वाटतं, पुस्तक लिहिलं गेलं त्याचं निम्मं कारण इथेच आहे. सासरी चुलीपुढे बसलेल्या सुनेला 1882 साली कागद-दौत कोणी दिली असती?

आता पुस्तक का लिहिलं ते बघू. 1881 साली सुरतेला एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, आणि अब्रूच्या भीतीने तिने जन्मलेलं मूल मारलं. कोर्टाने फाशी सुनावली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पुढे तीही कमी केली गेली. पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला होता. 'पुणे वैभव' नावाच्या पत्रात बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेणारं लिखाण आलं. बायका बिघडल्या, धर्म बुडाला, असा सगळा सूर. त्या मुलीला दिवस घालवून निसटलेल्या माणसाचं नाव कोणी काढत नव्हतं.

ते वाचून ताराबाई पेटल्या. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तक छापून घेतलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. प्रस्तावनेत त्या स्वतःला मराठ्याच्या घरात कोंडलेली अडाणी बाई म्हणवून घेतात आणि भाषा कडक झाल्याबद्दल माफीही मागतात. मात्र आत गेलं की माफीचा मागमूस नाही.

पुस्तकाचा मुद्दा सरळ आहे. जे जे दोष बायकांच्या माथी मारता, ते एकेक घ्या आणि पुरुषांना लावून बघा. कपट कोणात जास्त? दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा कोणात? एकेक आरोप घेऊन त्या असा हिशोब मांडत जातात. गावात भांडणाला उभी राहिलेली बाई जशी बोलते तशी त्यांची भाषा आहे. म्हणी, टोमणे, मध्येच रडू येईल असं एखादं वाक्य.

सगळ्यात धाडसाचा भाग धर्माचा. पतिव्रतेचे नियम ज्या शास्त्रांत सांगितलेत, ती शास्त्रं लिहिली कोणी? पुरुषांनी. मग नियम एकाच बाजूला का बांधतात, हे नवल नाही. पुराणातल्या देवांचं आणि ऋषींचं वागणं तरी काय होतं, तेही त्या नावं घेऊन विचारतात. नवऱ्याला देव माना म्हणता, तर त्याने देवासारखं वागायला नको का? आणि सावित्री. वटपौर्णिमेला आपल्याकडे गावोगाव वडाला दोरा गुंडाळतात. सावित्रीने नवऱ्यासाठी यमाचा पिच्छा पुरवला, पण बायकोसाठी यमाच्या वाटेला गेलेला एक तरी नवरा पुराणात दाखवा, असा त्यांचा सवाल आहे. मी पुराणं फार वाचलेली नाहीत, पण कीर्तनं भरपूर ऐकली. मला तरी असा एक आठवला नाही.

मात्र ताराबाई नास्तिक नव्हत्या. त्या देवाशीच बोलतात, तूच दोघांना निर्माण केलंस मग हा फरक तुझा की माणसांचा, असं त्यालाच विचारतात. जुन्यातलं सगळं फेकून द्या असंही त्यांचं म्हणणं नाही. वाईट चालीच्या बायकांबद्दल त्यांनी लिहिलेलं काही आज खटकतंही.

विधवांच्या पुनर्विवाहाबद्दल मात्र त्यांचं मत पक्कं होतं. बायको मेली की दहाव्याला दुसरी बघणारा पुरुष चालतो, मग बाईनेच जन्मभर का जळायचं? हा प्रश्न फक्त ब्राह्मणांचा नव्हता. शेतकरी जातींत पाट लावायची रीत होती, खानदेशातही होती. पण स्वतःला कुळीचे म्हणवणारे मराठे ब्राह्मणांचं बघून ती रीत बंद करत चालले होते. ताराबाईंनी आपल्याच जातीला त्यावरून सुनावलं. सभा भरवून भाषणं ठोकणाऱ्या आणि घरी काहीच न बदलणाऱ्या सुधारकांनाही सोडलं नाही.

पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधकांमधल्याही काहींना ते झोंबलं. तेव्हा जोतीराव फुले पुढे आले. 1885 साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंना लेकीच्या मायेने पाठीशी घातलं. याच 'सत्सार'च्या पहिल्या अंकात त्यांनी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचीही बाजू घेतली होती. रमाबाईंनी कलकत्त्याला पंडितांची सभा जिंकली, पुढे विलायतेला आणि अमेरिकेला गेल्या, संस्था काढल्या. बुलढाण्याच्या ताराबाईंच्या मागे ना संस्था होती ना पदवी.

त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. 1910 च्या सुमारास त्या वारल्या. पुढे पुस्तकही लोक विसरले. 1975 साली स. गं. माळशे यांनी ते पुन्हा छापून लोकांसमोर आणलं, म्हणजे जवळपास 93 वर्षांनी. 1994 मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन या इंग्रज अभ्यासक बाईंनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि बुलढाण्याचं नाव ऑक्सफर्डच्या पुस्तकात गेलं.

आपल्याकडे अजून काय चाललंय, तेही सांगतो. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी गावांनाही तसं आवाहन केलं. आमच्या गावात ग्रामसभेत विषय निघाला, थोडी कुजबुज झाली, आणि पाणीपुरवठ्याचा विषय सुरू झाला.

माझी काकू तिशीच्या आत विधवा झाली. चार एकर कोरडवाहूवर दोन पोरं वाढवली, कापूस स्वतः वेचला, गाडीभाडं वाचवायला बाजाराला पायी गेली. पण घरातल्या प्रत्येक लग्नात हळदीच्या वेळी ती आपोआप मागच्या खोलीत जाऊन बसते. तिला कोणी जा म्हणत नाही, आणि थांब असंही कोणी म्हणत नाही. मागच्या आखाजीला मी तिला ताराबाईंच्या पुस्तकातली चार पानं वाचून दाखवली. ती गहू निवडत होती. सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तिले पोरं व्हतात का?"

मी म्हटलं, नव्हती.

काकू थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, पुढचं वाच.