पेशीविभाजनाचे उपेक्षित आद्य संशोधक : रॉबर्ट रेमाक

कापलेले बोट काही दिवसांत भरून येते, अंड्यातील पिवळ्या बलकावरच्या एका ठिपक्यातून एकवीस दिवसांत कोंबडीचे पिल्लू तयार होते आणि शरीरात एखाद्या ठिकाणी अनिर्बंध वाढ सुरू झाली की तिला कर्करोग म्हणतात. या तिन्ही घटनांच्या मुळाशी एकच क्रिया आहे, ती म्हणजे पेशीचे विभाजन. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात. नवी पेशी आधीच्या पेशीखेरीज अन्य कशातूनही निर्माण होत नाही. आज शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेल्या या नियमापुढे पाठ्यपुस्तकांतून बहुधा रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आणि १८५५ हे साल दिलेले असते. परंतु त्याआधी तीन वर्षे हाच नियम पुराव्यानिशी मांडणाऱ्या रॉबर्ट रेमाक यांचे नाव तेथे क्वचितच आढळते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना रेमाक माहीत असतात, पण ते मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या प्रकरणात.

रेमाक यांचा जन्म २६ जुलै १८१५ रोजी पोझ्नान शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. पोलंडचे लचके तोडले गेल्यानंतर हे शहर प्रशियाच्या ताब्यात होते. शहरातील पोलिश वातावरणात वाढलेले रेमाक वैद्यकाच्या शिक्षणासाठी बर्लिनला गेले आणि योहानेस म्यूलर यांचे शिष्य झाले. शरीरशास्त्रातील तो त्या काळचा सर्वांत नामांकित गुरू. पुढे जर्मन जीवशास्त्राचा कणा ठरलेली अनेक माणसे याच गुरुकुलातून बाहेर पडली. पेशी सिद्धान्ताचे एक जनक थिओडोर श्वान हे म्यूलर यांचेच सहायक आणि फिरखो हेही त्यांचेच विद्यार्थी.

१८३८ मध्ये रेमाक यांना डॉक्टरेट मिळाली. मज्जासंस्थेच्या सूक्ष्म रचनेवरील त्या प्रबंधात त्यांनी मेदयुक्त आवरण नसलेल्या करड्या मज्जातंतूंचे वर्णन केले होते. हे तंतू आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. वयाच्या तेविसाव्या वर्षी एवढी कामगिरी करणाऱ्या तरुणाला विद्यापीठात जागा मिळणे स्वाभाविक होते. पण प्रशियाने १८२२ पासून विद्यापीठांतील अध्यापनाचे दरवाजे ज्यूंना बंद केले होते. मार्ग एकच होता, बाप्तिस्मा घ्यायचा. अनेकांनी तो पत्करला. रेमाक यांनी मात्र नकार दिला आणि तो अखेरपर्यंत पाळला. या एका नकाराची किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागली. खासगी वैद्यकी करून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात म्यूलर यांच्या प्रयोगशाळेत विनावेतन सूक्ष्मदर्शकापुढे बसायचे, असा त्यांचा दिनक्रम झाला.

याच सुमारास श्लायडेन आणि श्वान यांचा पेशी सिद्धान्त युरोपभर गाजत होता. सर्व वनस्पती आणि प्राणी पेशींचे बनलेले असतात, हा त्यातील गाभा खरा होता आणि तो टिकला. परंतु नवी पेशी येते कोठून, या प्रश्नाला या दोघांनी दिलेले उत्तर साफ चुकीचे होते. साखरेच्या पाकात जसे स्फटिक धरतात, तशा पेशी एका आकारहीन द्रवात आपोआप घडतात, असे श्वान यांचे मत होते. आधी एक सूक्ष्म कण, त्याभोवती केंद्रक, त्याभोवती आवरण, असा तो क्रम. कल्पना आकर्षक होती, कारण तिने सजीवांची घडण निर्जीव पदार्थाच्या नियमांत बसवली. जखमेतील पू किंवा गाठी यांचाही उलगडा तिने झाल्यासारखा वाटे. रक्तातून द्रव पाझरतो आणि त्यात पेशी धरतात, असे डॉक्टर मानू लागले.

रेमाक यांना हे पटेना. १८४१ मध्ये कोंबडीच्या अंड्यातील वाढत्या गर्भाचे रक्त तपासताना त्यांना काही तांबड्या पेशींत दोन केंद्रके दिसली. काही पेशी मध्ये आवळल्या जाऊन दोन भाग झालेल्या आणि बारीक दांड्याने एकमेकींना चिकटलेल्या होत्या. ही निवड मोठी भाग्याची म्हणावी लागेल. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतेच आणि ती विभागतही नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक असते आणि गर्भावस्थेत त्यांची संख्या झपाट्याने वाढत असते. तरीही रेमाक यांनी घाई केली नाही. गर्भवाढीच्या अल्पकाळात दिसणारा हा प्रकार कदाचित अपवाद असेल, ही शंका त्यांना होती. तिचे निरसन करण्यात पुढची सुमारे दहा वर्षे गेली.

हा पुरावा त्यांना मिळवून दिला बेडकाच्या अंड्याने. फलित झालेले हे अंडे काही तासांत दुभंगते, मग चार, आठ, सोळा असे त्याचे तुकडे होत जातात, हे १८२४ पासून माहीत होते. वाद होता तो हे तुकडे म्हणजे पेशी की नुसते गोळे, याबद्दल. अंड्याचे पातळ आवरण सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसत नसे, त्यामुळे कोणीही काहीही म्हणावे अशी स्थिती होती. रेमाक यांनी ते आवरण घट्ट करणारी रसायने शोधून काढली आणि अंडे दुभंगताना आवरणही आत वळते व दोन्ही भागांना वेगळे करते, हे दाखवून दिले. म्हणजे अंडे ही एक पेशी, तिचे तुकडे याही पेशी आणि पुढे स्नायू, त्वचा, मज्जा यांत जे काही दिसते ते सारे याच पेशींचे वंशज. मधल्या कोणत्याही टप्प्यावर द्रवातून नवी पेशी धरताना दिसली नाही.

१८५२ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष म्यूलर यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पेशी द्रवातून उपजते असे मानणे हे चिखलातून जीव उपजतात असे मानण्याइतकेच अशक्य कोटीतले आहे, असा त्यांचा आशय होता. रोगग्रस्त ऊतींनाही हाच नियम लागू पडतो आणि गाठी म्हणजे शरीरातील मूळच्या ऊतींचीच संतती, हेही त्यांनी सांगितले. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या वाढीवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८५० ते १८५५ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. गर्भाचे बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर हे तीन थर आणि कोणत्या थरातून कोणते अवयव घडतात याची मांडणी त्यात आहे. आजचे गर्भशास्त्र त्याच पायावर उभे आहे.

सारे काही रेमाक यांना अचूक दिसले होते, असे मात्र नाही. विभाजनाची सुरुवात केंद्रकातील लहानशा केंद्रिकेपासून होते, मग केंद्रक आणि शेवटी पेशी दुभंगते, असा क्रम त्यांनी लावला होता. केंद्रकाच्या आत काय घडते, हे पाहण्याची साधनेच तेव्हा नव्हती.

फिरखो हे रेमाक यांच्याहून सहा वर्षांनी लहान. १८४८ च्या क्रांतीत भाग घेतलेला हा तडफदार, उदारमतवादी डॉक्टर १८५० च्या सुमारासही द्रवातून पेशी धरण्याचीच कल्पना मानत होता. पुढे त्यांचे मत पालटले आणि १८५५ मध्ये स्वतःच्या नियतकालिकातील लेखात त्यांनी प्रत्येक पेशी पेशीपासूनच निर्माण होते, हे तत्त्व एका सुटसुटीत लॅटिन वचनात मांडले. ते वचनही मुळात त्यांचे नव्हते. फ्रान्सच्या रास्पाय यांनी १८२५ मध्ये ते वापरले होते. १८५८ मधील त्यांच्या वीस व्याख्यानांच्या ग्रंथाने ते जगभर पोहोचवले. रेमाक यांनी फिरखो यांना पत्र लिहून, आपल्या नावाचा उल्लेख न करता हे तत्त्व स्वतःचे म्हणून छापल्याबद्दल कडक शब्दांत जाब विचारला आणि जाहीर वाद टाळायचा असेल तर श्रेय मान्य करा, असे बजावले. उपयोग झाला नाही. रोग म्हणजे पेशींतील बिघाड, हे वैद्यकाला पटवण्याचे फिरखो यांचे कार्य मोठे आहे आणि त्यासाठी त्यांचे नाव राहणारच. परंतु ज्या निरीक्षणांवर ते उभे राहिले, ती दुसऱ्याची होती.

श्रेयाच्या बाबतीत रेमाक स्वतः कसे वागले, हे येथे सांगायला हवे. डोक्यातील खवड्याच्या रोगात त्यांना १८३७ मध्येच बुरशीचे सूक्ष्म घटक दिसले होते. तिचा अर्थ प्रथम शोनलाइन या प्राध्यापकांनी १८३९ मध्ये लावला. पुढे रेमाक यांनी स्वतःच्या हातावर खवड्याची लागण करून घेऊन रोग संसर्गजन्य असल्याचे सिद्ध केले. आणि १८४५ मध्ये त्या बुरशीचे नामकरण करताना तिला शोनलाइन यांचे नाव दिले. शास्त्रीय नावात ते आजही आहे.

याच शोनलाइन यांच्या हाताखाली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात रेमाक १८४३ पासून सहायक होते. त्याच वर्षी त्यांनी अध्यापनाच्या परवानगीसाठी थेट राजाकडे अर्ज केला. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यासारखा वजनदार माणूस पाठीशी असूनही तो फेटाळला गेला. १८४७ मध्ये अखेर परवानगी मिळाली आणि रेमाक हे बर्लिन विद्यापीठात शिकवणारे पहिले ज्यू अध्यापक ठरले. मात्र या पदाला नियमित वेतन नव्हते. १८५६ मध्ये फिरखो याच विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा रेमाक यांना तेथे शिकवू लागून नऊ वर्षे झाली होती. त्यांना १८५९ मध्ये दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले. पूर्ण प्राध्यापक ते कधीच झाले नाहीत.

उतारवय म्हणावे असे त्यांच्या वाट्याला आलेच नाही. शेवटच्या वर्षांत सूक्ष्मदर्शक मागे पडला आणि ते विजेच्या सौम्य प्रवाहाने मज्जाविकारांवर उपचार करू लागले. त्यावर त्यांनी १८५८ मध्ये ग्रंथही लिहिला. २९ ऑगस्ट १८६५ रोजी किसिंगेन येथे, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

केंद्रकाच्या आत काय घडते, या प्रश्नाचे उत्तर त्यानंतर सतरा वर्षांनी स्पष्ट झाले. कील येथील वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या ऊती रंगवून केंद्रकातील धागे उभे चिरून दोन्हीकडे वाटले जाताना पाहिले आणि १८८२ च्या ग्रंथात या सूत्री विभाजनाचे तपशीलवार वर्णन केले. त्या धाग्यांना गुणसूत्रांसाठीचे आजचे नाव १८८८ मध्ये मिळाले.

रेमाक यांचा मुलगा अर्न्स्ट हा मज्जाविकारतज्ज्ञ झाला. नातू गणिती झाला. त्याचेही नाव रॉबर्ट रेमाक. बर्लिन विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार त्याला १९२९ मध्ये मिळाला आणि हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये तो काढून घेण्यात आला. पुढे ॲमस्टरडॅमहून पकडून नेण्यात आलेल्या या नातवाचा १९४२ मध्ये ऑशविट्झ येथे अंत झाला.